हीटरसमोर वाळवलेला जोड: पाणी आणि उष्णता यांनी बिघडलेल्या चामडी बुटांच्या दुरुस्तीचे एक प्रकरण

प्रस्तुत प्रकरणातील जोड तपकिरी रंगाचा, नाडीचा आणि टोकावर वेगळी टो-कॅप शिवलेला होता. वरचे चामडे वासराचे आणि क्रोमने, म्हणजे क्रोमियम धातूच्या क्षारांनी, कमावलेले होते. अस्तर, इनसोल (पायाखाली येणारा आतला तळ) आणि खालचा सोल मात्र वनस्पतिजन्य द्रव्यांनी, म्हणजे झाडांच्या साली, फळे आणि पाने यांतल्या टॅनिनने कमावलेल्या चामड्याचे होते. वरचा भाग आणि सोल हे वेल्टमार्फत, म्हणजे बुटाच्या कडेने फिरणाऱ्या अरुंद पट्टीमार्फत, टाके घालून जोडलेले होते, नुसते चिकटवलेले नव्हते. हे तपशील आधी सांगण्याचे कारण असे की एकाच बुटातल्या या वेगवेगळ्या चामड्यांनी एकच उष्णता वेगवेगळ्या रीतीने सोसली, आणि दुरुस्तीचे बहुतेक निर्णय त्यावरूनच घ्यावे लागले.

जोडाचा मालक भर पावसात, रस्त्यावरच्या गढूळ पाण्यातून बराच वेळ चालला होता आणि बूट आतून-बाहेरून चिंब झाले होते. सकाळी ते पुन्हा घालायचे असल्याने रात्री त्याने ते गरम हवा फेकणाऱ्या हीटरसमोर ठेवले. उजवा बूट पुढे होता, त्याचे टोक हीटरकडे होते. डावा त्याच्या मागे, त्याच्याच आडोशाला होता. सकाळी दोन्ही बूट ठणठणीत कोरडे होते, परंतु उजव्यात पाय घालू लागताच आतून कडकन आवाज आला आणि त्याने प्रयत्न तिथेच थांबवला. हे थांबणे फार मोलाचे ठरले, कारण अशा अवस्थेतले चामडे जोर लावून वाकवले की त्याला पडणारी चीर नंतर कशानेही सांधत नाही.

एक बूट उष्णतेच्या थेट माऱ्यात आणि दुसरा आडोशाला असल्यामुळे हा जोड अभ्यासाला विशेष योग्य होता. चामडे, वय, वापर, पाणी आणि चिखल हे सर्व दोघांनाही सारखेच होते. फरक होता तो फक्त उष्णतेचा. भिजलेले बूट बिघडले की दोष पाण्याला दिला जातो. या दोन बुटांकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहिले असता पाण्याने किती बिघडवले आणि उष्णतेने किती, हे बऱ्यापैकी वेगळे करता येत होते.

तपासणी

डावा बूट ताठ झाला होता, पण त्याचा आकार शाबूत होता. चवड्यावरच्या घड्यांच्या आसपास पाण्याची गडद, नागमोडी रेघ उमटली होती आणि वेल्टच्या कडेने पांढरट पूड दिसत होती. उजव्या बुटाची टो-कॅप रंगाने काळपट पडली होती आणि नखाने टिचकी मारली असता पुठ्ठ्यावर मारल्यासारखा कोरडा आवाज येत होता. जिभेची कड आत वळली होती. सोल लांबीच्या दिशेने होडीसारखा वर वळला होता, इतका की सपाट फळीवर ठेवल्यावर बूट चवड्याच्या मध्यावर डोलत असे. कागदावर डाव्या इनसोलचा आकार काढून, तो उलटा करून उजव्याशी ताडून पाहिला, तेव्हा उजवा इनसोल टोकाकडे सुमारे चार मिलिमीटर आखूड भरला.

पांढऱ्या पुडीची शहानिशा आधी करावी लागली, कारण चामड्यावर दिसणारा पांढरा थर तीन अगदी वेगळ्या कारणांनी येतो आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. तो क्षारांचा असेल तर पाण्याच्या थेंबाने विरघळतो आणि वाळल्यावर पुन्हा उमटतो. चामड्यातली चरबी पृष्ठभागावर येऊन गोठली असेल तर थर किंचित ऊब मिळताच नाहीसा होतो, पाण्याने मात्र हलत नाही. बुरशी असेल तर भिंगाखाली तंतू दिसतात आणि कोंदट वास येतो. येथे थेंब टाकताच पूड विरघळली. म्हणजे हे चिखलातले आणि घामातले क्षार होते, पाण्याबरोबर आत शिरलेले आणि पाणी उडून जाताना बाहेरच्या कडेला साठलेले.

सर्वांत महत्त्वाची चाचणी मात्र कडकपणाची होती. ताठ झालेल्या चामड्याच्या दोन अवस्था वरवर सारख्याच दिसतात, आणि त्यांतली कोणती समोर आहे हे ठरवल्याशिवाय चामड्याला तेल, क्रीम किंवा आणखी काही लावणे म्हणजे निदान न करता औषध देणे होय. जिभेच्या आतल्या बाजूला, टाचेजवळ, चवड्यावर आणि टो-कॅपच्या कडेला शुद्ध पाण्याचा एकेक थेंब ठेवला आणि तो मुरू दिला. दहा-पंधरा मिनिटांनी त्या जागा अंगठ्याने हलकेच दाबून पाहिल्या. डाव्या बुटावर सर्वत्र, आणि उजव्याच्या मागच्या दोन तृतीयांश भागात, थेंबाखालचे चामडे मऊ होऊन अंगठ्याखाली दबले. टो-कॅपच्या पुढच्या कडेला, वेल्टला लागून असलेल्या एका पट्ट्यात, साधारण अंगठ्याच्या नखाएवढ्या रुंदीत, मात्र काहीच घडले नाही. पाणी मुरले, रंग आणखी गडद झाला, पण चामडे शिंगासारखे टणक राहिले. हा पट्टा खऱ्या अर्थाने शिजलेला होता.

पाण्याचे काम आणि उष्णतेचे काम

चामडे म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे विणलेले जाळे. प्रत्येक रेणू तीन साखळ्यांच्या पिळाचा असतो, आणि कमावण्याच्या प्रक्रियेत क्रोम किंवा टॅनिन या पिळांना एकमेकांशी बांधून स्थिर करते. त्यानंतर तंतूंच्या मधे तेल भरले जाते, जेणेकरून वाकताना ते एकमेकांवरून घसरावेत. बूट मऊ लागतो तो या घसरण्यामुळे.

चामडे भिजते तेव्हा तंतूंच्या मधल्या जागा पाण्याने भरतात, आणि ते वाळते तेव्हा निघून जाणारे पाणी तंतूंना जवळ ओढत जाते. मधे तेलाचा पुरेसा थर असेल तर तंतू सुटे राहतात. तो विस्कळीत झाला असेल किंवा वापराने कमी झाला असेल तर ते एकमेकांना चिकटतात. हळूहळू वाळणाऱ्या चामड्यात ओलावा सर्वत्र जवळजवळ सारखा कमी होतो आणि तेल बऱ्याच अंशी जागच्या जागी राहते. झपाट्याने वाळवले की बाहेरचा थर आधी सुकून आकसतो, आतले पाणी त्याच्याकडे धावते, आणि जाताना क्षार, न बांधलेले टॅनिन व काही तेलही पृष्ठभागाकडे घेऊन जाते. डाव्या बुटावरची गडद रेघ ही अशाच प्रवासाची खूण होती: ओल्या आणि सुक्या भागांची सीमा जिथे रेंगाळली, तिथे हा सगळा ऐवज जमा झाला. चिकटलेल्या तंतूंची ही अवस्था पुष्कळशी उलटवता येते.

शिजणे ही गोष्ट मात्र निराळी आहे. ओल्या कोलॅजेनला ठरावीक तापमानापलीकडे नेले की पिळाला आधार देणारे बंध तुटतात, पीळ उलगडतो आणि तंतू आखडून जिलेटिनच्या दिशेने जातो. न कमावलेल्या ओल्या कातड्यात हे साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला घडते, वनस्पतिजन्य कमावणीच्या चामड्यात बहुधा ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान, आणि चांगल्या क्रोम-कमावणीच्या चामड्यात १०० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही वर. कोरडे चामडे याहून बरीच अधिक उष्णता सोसते. धोका असतो तो ओल आणि उष्णता एकत्र आल्यावर.

यावरून उजव्या बुटाचे चित्र उलगडते. हीटरच्या हवेत इनसोल आणि सोल यांची मर्यादा पहिल्यांदा गाठली गेली, म्हणून इनसोल आखूड झाला आणि सोल वळला. वरच्या क्रोम-चामड्याने मात्र तीच हवा बहुतांशी निभावून नेली. वरच्या भागात फक्त पुढची कडच का शिजली, याचेही कारण आहे. चामड्यातून पाणी उडत असते तोवर बाष्पीभवनाने ते सभोवतालच्या हवेपेक्षा थंड राहते. पृष्ठभाग सुकला की हे संरक्षण संपते आणि तापमान झपाट्याने चढते. कडा हवेच्या सर्वाधिक माऱ्यात असल्याने त्यांचा वरचा थर आधी सुकून तापला, आणि खाली वेल्टच्या जोडात दडलेली ओल त्या तापत्या थराला वाफ पुरवत राहिली. भिजलेल्या बुटांचे उष्णतेने झालेले नुकसान कडा, जीभ आणि टोक इथे आधी शोधावे, असे मला म्हणूनच वाटते.

पुन्हा ओलावा

पाण्याने आणि उष्णतेने ताठ झालेल्या बुटाला पहिला उपचार पाण्याचाच द्यावा लागतो. हे ऐकायला विपरीत वाटते, आणि बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळून थेट तेलाकडे जातात. चिकटलेल्या तंतूंच्या मधे तेल शिरायला वाटच नसते. ते पृष्ठभागावर साचते, चामडे काळवंडते आणि आतला ताठरपणा तसाच राहतो. तंतूंना पुन्हा सुटे करण्याचे काम पाणीच करू शकते.

आधी नाड्या काढून मऊ ब्रशने कोरडी धूळ झाडली. वेल्टच्या सांध्यात अडकलेला चिखल लाकडी काडीने टोकरून काढला; लोखंडी टोकाने तो काढू नये, कारण टाक्यांचा दोरा आधीच कमकुवत झालेला असतो. जुन्या मेणपॉलिशचा थर ओलावा अडवतो, म्हणून तो चामड्यासाठीच्या सौम्य क्लीनरने पातळ केला. येथे साबण मुद्दाम टाळला. कमावलेले चामडे आम्लधर्मी असते, त्याचा पीएच सर्वसाधारणपणे ३.५ ते ५ च्या दरम्यान असतो, आणि नेहमीचे साबण आम्लारीधर्मी असतात. सुदृढ चामडे अधूनमधून साबण सहन करते. ज्याचे अंतर्गत बंध आधीच ढिले झाले आहेत, त्याला ते ओझे देण्याचे काही कारण नव्हते.

क्षारांसाठी शुद्ध पाण्यात भिजवून पिळलेल्या सुती पट्ट्या वेल्टवर ठेवल्या आणि त्या वाळू लागल्या की बदलल्या. पट्टी वाळताना क्षार चामड्यातून तिच्यात ओढले जातात. जिथे पांढरेपणा पुन्हा उमटला, तिथे पांढरे व्हिनेगर दुप्पट पाण्यात मिसळून बोळ्याने एकदा फिरवले आणि लगेच साध्या पाण्याने पुसले.

त्यानंतर दोन्ही बूट झाकणाच्या मोठ्या डब्यात जाळीवर ठेवले आणि तळाशी ओली फडकी पसरली, ती बुटांना लागणार नाहीत अशी. बंद हवेतली आर्द्रता चामड्यात सावकाश आणि सारखी शिरते; थेट पाणी ओतले असते तर सुके आणि ओले भाग यांच्यात पुन्हा ताण निर्माण झाला असता. हा डबा दुर्लक्षून चालत नाही. दमट बंद जागेत बुरशी लवकर धरते, म्हणून बूट मऊ झाले की बाहेर काढायचे आणि कोणत्याही परिस्थितीत दोन दिवसांपलीकडे आत ठेवायचे नाहीत. डाव्याची जीभ दुसऱ्या दिवशी बोटांनी दुमडता येऊ लागली. उजव्याला अधिक वेळ लागला. मग स्पंज थंड पाण्यात बुडवून, पिळून, दोन्ही बुटांच्या वरच्या भागावर टोकापासून टाचेपर्यंत एकसारखा फिरवला. संपूर्ण पृष्ठभाग एकाच वेळी ओला झाल्यामुळे जुनी गडद रेघ पुसट होत गेली. फक्त रेघेवर पाणी लावले असते तर तिच्या भोवती नवी रेघ पडली असती.

ओलसर अवस्थेत दोन्ही बुटांत लाकडी फर्मे, म्हणजे पायाच्या आकाराचे साचे, घातले. डाव्यात फर्मा सहज बसला. उजव्यात स्क्रूने लांबी कमीजास्त होणारा फर्मा घालून तो हलकेच ताणला, आणि चामडे सैलावल्यावर आणखी थोडा. डाव्या बुटाइतकी लांबी उजव्याला परत मिळवून देण्याचा मोह येथे होतो, पण तो आवरावा लागतो, कारण आखडलेला तंतू ताणाने लांब होत नाही, तो फाटतो. चारपैकी जेमतेम एक-दीड मिलिमीटर परत मिळाला आणि तिथे स्क्रू थांबवला.

वाळवणे आणि तेल

बूट कुशीवर आडवे ठेवले, म्हणजे सोललाही हवा लागावी. खोलीतली साधी हवा आणि दूरवरून मंद पंखा, एवढेच. फर्मा जिथे टेकत नाही अशा पोकळीत कोरा कागद भरला आणि ओला होताच बदलला. छापील कागदाची शाई हलक्या रंगाच्या अस्तरावर उतरते. वरचा पातळ भाग एक-दोन दिवसांत सुकत आला, सोलला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला.

तेल लावण्याची योग्य वेळ चामडे पूर्ण वाळण्याच्या थोडी आधीची असते. स्पर्शाला थंड लागते पण बोटाला ओल लागत नाही, अशी ती अवस्था. कातडी कमावणारे पूर्वापार ओलसर चामड्यातच तेल-चरबी चोळत आले आहेत, आणि त्यामागचे कारण पक्के आहे: पाणी बाहेर पडताना तंतूंच्या मधे जी जागा मोकळी होते, ती तंतू चिकटण्याआधीच तेलाने घ्यावी. लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला मेणचट पदार्थ) आणि नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांपासून काढलेले तेल) असलेले कंडिशनर बोटांनी अगदी पातळ चोळले, प्रत्येक लेप मुरल्यावर बूट हाताने हळूहळू वाकवले, आणि मगच पुढचा लेप दिला. डाव्या बुटाला दोन लेपांत पुरेसा मऊपणा आला. उजव्याच्या चवड्याला आणखी लागले. टो-कॅपच्या कडक पट्ट्यावर मात्र जास्त तेल मुद्दाम लावले नाही. ते तिथे मुरले नसते, उलट पुढे त्या जागी भरण बसवायला अडथळा झाला असता. तेलाचा अतिरेक सर्वत्रच वाईट असतो. चामडे थुलथुलीत होते, आकार सोडते, रंग काळवंडतो आणि पॉलिश धरत नाही. स्वयंपाकातली तेले तर लावूच नयेत, कारण त्यांतली बरीचशी हवेशी संयोग पावून खवट किंवा चिकट होतात.

खालची बाजू

सोल ओलसर असतानाच बूट फर्म्यासकट फळीवर दाबून बांधला होता. वाळल्यावर बाक बराच उतरला, टोकाकडे किंचित राहिला. वेल्टचे पुढचे काही टाके ताणाने तुटले होते, ते आरीने जुन्याच भोकांतून, मेण लावलेल्या दोऱ्याने पुन्हा घातले. नवी भोके पाडली असती तर पट्टी आणखी कमजोर झाली असती.

इनसोलचा निर्णय सर्वांत कठीण होता. तो बदलायचा म्हणजे सोल आणि वेल्ट उसवून वरचा भाग पुन्हा फर्म्यावर ओढायचा, आणि तोही शिजलेल्या कडेला पकडीने ताण देऊन. ती कड असा ताण सोसेल असे मला वाटले नाही. त्याआधी दोन गोष्टी पाहणे आवश्यक होते. या बांधणीत इनसोलच्या खालच्या बाजूला कापडी कड चिकटवलेली असते, वेल्टचे टाके तिच्यातून जातात, आणि चिकटद्रव्य उष्णतेने सुटले असेल तर बूट चालताना आतून सरकू लागतो. दोन्ही हातांनी वरचा भाग आणि सोल विरुद्ध दिशांना ओढून पाहिले. काही हलले नाही. दुसरे, कमानीखालची पोलादी पट्टी गंजली असेल तर इनसोलवर तांबूस डाग उमटतो; तो नव्हता. म्हणून इनसोल तसाच ठेवला, त्याची वर आलेली कड ओलावून दाबून बसवली आणि वर पातळ चामड्याचा पूर्ण लांबीचा तुकडा अंथरला.

शिजलेला पट्टा

टो-कॅपच्या कडेचा पट्टा पूर्ववत होणार नव्हता. उलगडलेला पीळ पुन्हा वळवून देणारे क्रीम किंवा तेल अस्तित्वात नाही, आणि मालकाला हे काम हाती घेण्यापूर्वीच स्पष्ट सांगितले होते. परंतु नुकसान किती, यापेक्षा ते कुठे आहे यावर बुटाचे भवितव्य अधिक अवलंबून असते. चालताना बूट चवड्यावर वाकतो, टोकावर नाही. टो-कॅपच्या आत आकार टिकवणारा कडक थर असतोच. तिथला टणक पट्टा वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो. हाच पट्टा चार बोटे मागे, चवड्याच्या घडीवर असता तर थोड्याच वापरात आरपार चिरला असता, आणि मी ठिगळ किंवा नवा तुकडा याशिवाय दुसरे काही सुचवले नसते.

पट्ट्यावर केसासारख्या बारीक भेगा होत्या. त्यांच्या उभ्या राहिलेल्या कडा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासल्या, लवचिक ॲक्रिलिक भरण पात्याने अतिशय पातळ थरांत भरले आणि प्रत्येक थर सुकू दिला. जाड थर एकदम दिला की तो सुकताना आकसतो आणि कडेने सुटतो. नंतर रंग. भरण चामड्यासारखा रंग पीत नाही, म्हणून तिथे रंगद्रव्य असलेले फिनिश लावावे लागले आणि उरलेल्या बुटावर त्याच छटेचे क्रीम पॉलिश. कडक मेणपॉलिश फक्त टोक आणि टाच इथे लावले. चवड्यावर ते घडीबरोबर तडकते आणि आधीच श्रमलेल्या चामड्याला कडक कवच घालते.

डावा बूट पूर्ण मऊ झाला आणि त्यावरची रेघ उजेडात तिरपा धरल्याशिवाय दिसत नाही. उजवा चवड्यावर मोकळेपणाने वाकतो, टोकाला सुमारे अडीच मिलिमीटर आखूड आहे, आणि टो-कॅपच्या कडेचा पट्टा जवळून पाहिल्यास थोडा गुळगुळीत व गडद दिसतो. बोटांपुढे मुळात ठेवलेली मोकळी जागा पुरेशी असल्याने हा आखूडपणा पायाला जाणवला नाही. मालकाला सुरुवातीचा वापर घरातच आणि थोडा-थोडा करायला, प्रत्येक वापरानंतर किमान एक दिवस फर्मा घालून ठेवायला, आणि पुढच्या वेळी सोल बदलताना उजव्या इनसोलची कापडी कड आवर्जून तपासून घ्यायला सांगितले आहे.